आत्याच्या वहीतले रिकामे गोल

वाशिम जिल्ह्यातल्या मालेगावातील तमाम चहाबाज, पेढेबाज आणि दुकानात उभ्या उभ्या गुळाचा खडा तोंडात टाकणाऱ्या मंडळींना कळविण्यास अत्यंत दुःख होते की, दिवाळीनंतरच्या पहिल्या बाजाराच्या दिवशी, सकाळी साडेदहाच्या सुमारास, आमच्या किराणा दुकानात, तराजूच्या उजव्या अंगाला, साखरेचे आकस्मिक निधन झाले. मृत्यूसमयी ती माझ्या जिभेवर होती. तिच्या पश्चात गूळ, बत्तासे आणि खडीसाखर असा परिवार होता. पण पुढच्या पाच मिनिटांत तोही गेला. सुतक कोणी पाळू नये. पाऊण तासाने सगळे पुन्हा जिवंत झाले.

झालं असं. किन्हीराजा गावातला माझा शाळेपासूनचा दोस्त सोयाबीन विकून मोकळा झाला होता. मोटरसायकल दुकानासमोर लावून तो आत आला, खिशातून ओल्या रुमालाची पुरचुंडी काढली आणि गिऱ्हाइकांदेखत मला म्हणाला, "शेटजी, जीभ काढ."

"काहून? कापून देवीले वाह्यतं का?"

"नाटकं नको करू. हे पान चाव. लगेच गिळू नको, तोंडात घोळव."

पान साधं होतं. अंगठ्याएवढं, जरासं लवदार, कुंपणावरच्या कुठल्याही वेलीचं असावं तसं. चव कडू, पण कडुनिंबासारखी अंगावर येणारी नाही; गुपचूप पसरणारी. मिनिटभराने दोस्ताने माझ्याच पोत्यातली साखर चिमूटभर उचलून माझ्या हातावर ठेवली.

मी ती तोंडात टाकली आणि थांबलो. तोंडात वाळू होती. नदीकाठची, स्वच्छ, कोरडी वाळू. दाताखाली कचकच वाजत होती, विरघळत होती, आणि चव म्हणून काहीही नव्हतं. मी गुळाचा खडा घेतला, ढेकूळ. बत्तासा घेतला, खडू. मग घाबरून मीठ चाटलं, तर मीठ जागच्या जागी खारट. मिरचीचं टोक चावलं, तर डोळ्यांत पाणी. म्हणजे तोंडातली सगळी दारं उघडी होती आणि त्या पानाने नेमकं एकच दार ओढून घेतलं होतं.

मी साखरेच्या दुकानात वाढलेला माणूस. पोतं न उघडता साखर जुनी की नवी ते वासावरून सांगतो. पण त्या दिवशी मी काट्याजवळच्या स्टुलावर बसून राहिलो. डोक्यात एकच विचार: गोडपणा जर एका पानाने जातो, तर तो साखरेत होता का माझ्या जिभेवर? आणि जिभेवर असेल, तर तीस वर्षं मी पोत्यांतून विकत काय होतो? डोंगराच्या अंगाला, बोरीच्या काट्यांत गुंतलेल्या एका वेलीला माझ्या तोंडातली ही कडी कोणी दाखवली?

"गुडमार म्हणतेत याले," दोस्त म्हणाला. "आमचा बुढा सांगे, शुगरवर चालते."

"चालते म्हणजे? बरी होते?"

"बुढा शुगरनं नाई मेला."

"मंग?"

"चिंचेवरून पडून."

"पण त्याले शुगर होती का?"

"आता ते कोणं पाह्यलं?"

पुरावा एवढा होता. पण शुगर हा शब्द ऐकला आणि माझ्या डोळ्यांसमोर आत्या उभी राहिली.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. तरुणपणीच एकटी होऊन माहेरी आली आणि दुकानामागच्या घराची मालकीण झाली. शिक्षण चौथीपर्यंत, दरारा जिल्हाधिकाऱ्याचा. भाद्रपदात आमच्याकडे दशलक्षण पर्वाचे दहा दिवस असतात. त्यात कोणी एक वेळ जेवतं, कोणी नुसतं गोड सोडतं. आत्या दहाही दिवस उपास करायची. दिवसातून एकदा उकळलेलं पाणी, बाकी काही नाही. दहा वर्षं असे दहा-दहा उपास करण्याचा तिने संकल्प केला होता. नऊ वर्षं झाली. नवव्या पारण्यानंतर चार दिवसांनी तिला देवळाच्या पायरीवर चक्कर आली. वाशिमला नेलं, रक्त तपासलं, आणि डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की मधुमेह आहे, चांगलाच आहे, बऱ्याच दिवसांचा असावा.

"गोळ्या रोज घ्यायच्या, आजी. आणि यापुढे उपास बंद."

"एक वर्ष राह्यलं, बाई."

"एक दिवससुद्धा नाही."

आत्या रडली नाही. रडणाऱ्यांपैकी ती नव्हे. पण पहाटे स्वयंपाकघरात स्तवन गुणगुणायची तिची सवय होती, ती त्या दिवसापासून बंद झाली. दहा पायऱ्यांचा डोंगर चढून नवव्या पायरीवर कोणी कॉलर धरून मागे खेचावं, तशी ती घरात वावरायची. दहावं वर्ष पुरं व्हावं एवढंच तिला हवं होतं. त्या घरात तिच्या हाताने वाढलेल्या मला दुसरं काय हवं असणार?

त्यामुळे दोस्त गेल्याबरोबर मी पुरचुंडी घेऊन आत धावलो आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभा राहून जाहीर केलं, "आत्या, तुहा दहावा दशलक्षण झालाच समज!"

"आधी चप्पल काढ," आत्या म्हणाली.

मी योजना मांडली. तीन महिने रोज सकाळ-संध्याकाळ जेवणानंतर दोन ताजी पानं. रोज सकाळी बोटातून थेंब काढून मशीनवर साखर बघायची. आकडा खाली आला की वाशिमला जाऊन डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर वही आपटायची. आणि हो, गोळ्या आजपासून बंद. नाहीतर पानाचा गुण कसा कळणार?

"गोळी बंद नाई," आत्या म्हणाली.

"पण आत्या, परीक्षा..."

"म्या त्या बाईले घेतो म्हणून शब्द देल्ला. परीक्षा तुही हाये, शब्द माहा हाये."

तिथे माझं काही चाललं नाही, आणि आज वाटतं, बरं झालं. नाहीतर हा मजकूर मी इतक्या थाटात लिहीत नसतो.

पहिलं पान तिने माझ्यासमोर खाल्लं. तोंड वाकडं केलं नाही. मग नेहमीसारखा दोन चमचे साखर घातलेला चहा ओतून घेतला, एक घोट घेतला, आणि बशी खाली ठेवून तीत बघत बसली.

"काय झालं?"

"चहा मेला."

"मेला नाई, आत्या. आपली जीभ झोपली."

ती उठली, डब्यातून दिवाळीचा उरलेला बेसनाचा लाडू काढला, कोपरा मोडून खाल्ला, आणि तिच्या डोळ्यांत मला तेच दिसलं जे दुकानातल्या स्टुलावर माझ्या डोळ्यांत असणार. पंच्याहत्तरीकडे चाललेली बाई, तोंडात लाडू, आणि चेहरा जत्रेत पहिल्यांदा पाळण्यात बसलेल्या पोरीचा. "भाजल्याचा वास येऊन राह्यला," ती हळूच म्हणाली. "तूप लागून राह्यलं. मधलं कोणीतरी उठून गेलं."

मग सुरू झाले माझ्या आयुष्यातले सर्वांत वैभवशाली तीन महिने. दोस्त बाजाराच्या दिवशी ओल्या फडक्यात पानं आणायचा. आत्या ती माठाशेजारी ठेवायची, स्वतःच बोटात सुई टोचायची (मी सुई बघितली की मला पाणी लागतं) आणि आकडा वहीत लिहायची. वहीच्या पहिल्या पानावर तिने श्री काढला होता. रोजच्या आकड्यापुढे एक गोल. पान खाल्लं की गोलात छोटंसं पान काढायचं, शिरांसकट.

मी मात्र बाहेर दुकानात प्रयोगाचे खेळ लावले होते. साखर घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला आधी पान, मग पेढा. एका मास्तरांनी पेढा खाऊन माझ्यावर भेसळीचा आरोप केला. एक पोलीस पाटील दोन्ही गालांत गूळ भरून शांत बसला आणि म्हणाला, "म्हंजे माही बायको खरं सांगत होती, साखर चहात नसते, जिभंवर असते." साखर विकणारा मी, साखर मारणारं पान फुकट वाटत होतो. माझ्या बायकोने विचारलं, दुकान चालवायचं आहे की बसवायचं? पण मला कोण थांबवणार! वहीतले आकडे उतरत होते. आठवड्याला थोडे, पण उतरत होते. दीड महिन्यात तर असे उतरले की मी किन्हीराजाला फोन करून सांगितलं, "तुह्या बुढ्याचा पुतळा बसवू."

"चिंचेखाली नको बसवू," दोस्त म्हणाला.

पुतळ्याचं काम मनातल्या मनात चौथऱ्यापर्यंत आलं असताना मी एकदा वही नीट चाळली. मधले काही गोल रिकामे होते. आकडा लिहिलेला, पण गोलात पान नाही. एका महिन्यात चार.

"आत्या! हे गोल रिकामे काहून?"

आत्या तांदूळ निवडत होती. "अष्टमी, चतुर्दशी."

मी कपाळावर हात मारला. जैनाच्या घरात जन्मून बावन्न वर्षं झाली आणि माझ्या डोक्यात हे आलं नव्हतं. अष्टमी-चतुर्दशीला आमच्याकडे हिरवं खात नाहीत. त्या दिवशी ताटात डाळ, कढी, पापड. मेथी नाही, पालक नाही, कोथिंबिरीची काडीसुद्धा नाही.

"अवं पण ती भाजी नाई, औषध हाये!"

"हिरवं हाये का नाई?"

"हाये."

"मंग."

त्या 'मंग'पुढे आजवर कोणी टिकलेलं नाही. तरी मी वकिली केली. "बरं, वाळवून पूड करून देतो. वाळलेलं तं चालते ना त्या दिवशी?"

"चालते."

"झालं तं मंग!"

"काय झालं? रोज ताजं, अन् चार दिवस पूड? मधातच औषध बदललं तं तुही परीक्षा कशाची होईन?"

मी रागारागाने दुकानात आलो. माझ्या दृष्टीने सगळा प्रयोग नासला होता. दर पंधरवड्याला दोन दिवस भगदाड पडलेली वही घेऊन कोणत्या तोंडाने वाशिमला जायचं?

पण गेलो. माघात, तीन महिने भरल्यावर. एसटीत आत्या खिडकीशी, मांडीवर पिशवी, पिशवीत वही. तिने नवी साडी नेसली होती. मुलीला बघायला येणार असावेत तशी ती गप्प होती, आणि मी तिच्या वाटचंही बोलत होतो.

डॉक्टरीणबाईंनी आधी मला झाडलं. न विचारता पाला सुरू केलाच कसा? गोळीच्या जोडीला असलं काही घेतलं आणि साखर एकदम खाली गेली असती तर? मी मान खाली घालून ऐकलं. मग त्यांनी तीन महिन्यांच्या साखरेचा अहवाल बघितला, भुवई उचलली, आणि वही उघडली. एक पान उलटलं, दुसरं उलटलं. त्यांचं बोट एका रिकाम्या गोलावर थांबलं.

मी घाईघाईने म्हणालो, "ते तेवढं चुकलंय, मॅडम. त्या दिवशी आमच्यात हिरवं..."

"थांबा." त्या पुढे उलटत गेल्या. प्रत्येक रिकामा गोल शोधून त्याच्या आधीचा आणि नंतरचा आकडा बघत गेल्या. "आजी, हे दिवस तुम्ही निवडले?"

"म्या कायले निवडू? तिथी आली का आली."

डॉक्टरीणबाई खुर्चीत मागे टेकल्या. "एखादं औषध तपासायचं, तर मधून मधून ते न देता बघावं लागतं. आणि ते दिवस कोणाच्या सोयीचे असून चालत नाहीत. बरं वाटलं म्हणून सोडलं, कंटाळा आला म्हणून सोडलं, असं नको. तुमचे दिवस तर चंद्रानेच निवडून दिले." मग त्या माझ्याकडे वळल्या. "आणि बघा, पान नसलेल्या दिवसांनंतरच्या सकाळचेही आकडे वर गेलेले नाहीत. त्याच उतारावर. एका दिवसाच्या खंडाने सगळं कळत नाही, एका माणसावरून तर नाहीच. पानात काहीच नाही असं मी म्हणणार नाही. पण या वहीत साखर पानानेच उतरली असं दिसत नाही."

माझ्या डोळ्यांसमोर किन्हीराजाच्या बुढ्याचा पुतळा हळूच आडवा झाला.

"मग उतरली कशाने?" मी विचारलं. "गोळ्या तर आधीपासून चालूच होत्या."

दोघांनीही आत्याकडे पाहिलं. आत्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, चोरी सापडल्यासारखी.

"म्या गोड सोडलं."

"कधी?"

"दुसऱ्याच दिवशी. पान खाल्लं का गोड लागतच नाई, मंग साखर कायले वाया घालवू? बिनसाखरेचा चहा घेत गेली. लाडूच्या डब्याले हात नाई लावला."

"पण अष्टमी-चतुर्दशीला?" डॉक्टरीणबाई पुढे झुकल्या. "त्या दिवशी पान नव्हतं. जीभ जागी होती."

"व्हय. तवाच तं खरं होतं." बोलण्यात आत्या कंजूष, आणि हे सांगावं की नाही याचा तिचा तिच्याशीच वाद चालला होता. "पान खाऊन गोड सोडणं म्हंजे डोळे बांधून मोह सोडल्यावाणी. त्याच्यात कायचा त्याग? पान नसलं त्या दिवशी चहा समोर, डबा समोर, अन् दुकान तं साखरंचंच. त्या दिवशी नाई घेतलं, ते माहं."

आमच्या धर्मात सहा रसांपैकी एकेक रस सोडण्याला तप म्हणतात. उपासाच्या रांगेतलं तप. लहानपणापासून प्रवचनात ऐकलेलं. आणि माझ्या घरात, माझ्या दुकानाच्या भिंतीपलीकडे, एक बाई तीन महिने ते करत होती, आणि मी बाहेर पेढे वाटत होतो. मी त्या पानापुढे नतमस्तक झालो होतो. पानाने नुसतं दार ओढलं होतं. आतून कडी हिने लावली होती.

"तं बाई," आत्याने सरळ विचारलं, "आता भादव्यात दहा उपास करू ना?"

डॉक्टरीणबाईंनी वही मिटली, दोन्ही हातांनी तिच्यापुढे केली, आणि म्हणाल्या, "नाही, आजी. साखर उतरली ती गोळी आणि तुमचं गोड सोडणं, दोन्ही मिळून. दहा दिवस पोट रिकामं ठेवलं तर ती कुठे जाईल ते मी सांगू शकत नाही. दोन वेळा जेवायचं, गोळी घ्यायची."

आत्याने मान हलवली. वही पिशवीत ठेवली.

परतीच्या एसटीत मी आत्याच्या पिशवीतली वही काढून रिकामे गोल मोजत बसलो. कंडक्टरने दोनदा माझ्याकडे संशयाने पाहिलं. तूर काढलेली शेतं मागे जात होती. मालेगाव दोन-तीन किलोमीटरवर आलं असेल, तेव्हा आत्या खिडकीबाहेर बघत म्हणाली, "उपासात दोन दिवस भूक लागते. तिसऱ्या दिवशी भूकच मरते. मंग काही वाटत नाई."

"हं."

"गोड रोज येते. रोज नवं येते."

मी तिच्याकडे बघितलं.

"दहावं वर्ष हेच धरू," ती म्हणाली. "भादव्यापर्यंत गोड नाई. पान बी नाई."

दुसऱ्या दिवशी पहाटे मी दुकान उघडायला उठलो तर स्वयंपाकघरातून स्तवन ऐकू येत होतं. सूर नेहमीप्रमाणे चुकीच्या पट्टीत. मी अंधारात उभा राहून पूर्ण ऐकलं.

पुढचे सात महिने आमच्या घरात लग्नाची दोन बोलावणी आली, पाडव्याची साखरगाठी आली, आमरस आला. आत्याने वाढलं सगळ्यांना, घेतलं काही नाही. दशलक्षणात ती रोज दोन वेळा जेवली, गोळी घेतली, आणि देवळात उपासवाल्यांच्या ओळीत बसली नाही, खांबाशी बसली. बायका विचारायच्या, "यंदा उपास नाई का वं?" ती म्हणायची, "हाये. येगळा हाये."

पौर्णिमेला पारणं. उपास सोडणाऱ्याला घरच्यांनी एकेक घोट भरवायचा असा रिवाज. आम्ही डॉक्टरीणबाईंना आधीच फोन करून विचारलं होतं. त्यांनी एक छोटा चमचा मंजूर केला होता, आणि किन्हीराजाचा दोस्तही आला होता. ओल्या फडक्यात पानं घेऊनच; पावसाळ्यात आम्ही पाला खात नाही, तरी म्हणे दर्शनाला आणली. बायकोने मुगाच्या शिऱ्याचा चमचा भरला. आत्याला पाटावर बसवलं. सगळे गोल करून उभे.

आत्याने चमचा तोंडात घेतला. जिभेवर पान नव्हतं. दहा महिन्यांनी त्या दारावर पहिल्यांदा कोणी थाप दिली होती. तिचे डोळे मोठे झाले, तोंड आवळलं, तिने घाईने पाण्याचा तांब्या ओढला, घटाघटा प्यायली, आणि सगळ्यांकडे आळीपाळीने बघत ओरडली:

"माय वं! एवढं गोड खात होतो आपण?"